रजिस्टर उघडण्याआधी

पोरी, बचत गटाच्या बैठकीत पोचल्या पोचल्या रजिस्टर उघडू नको. आधी सतरंजीवर टेक, पाणी पी, बाया कशा बसल्यात ते बघ. गटात १० ते २० जणी असतात, पण बोलतात तीन-चारच. तू दाराजवळ बसलेल्यांकडे लक्ष ठेव. कर्जाचा विषय निघाला अन् एखादी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली, तर बहुतेक हप्ता थकलाय. सगळ्यांसमोर विचारू नको, तिच्या घरी जा. पहिल्या वर्षी मी बायांच्या गप्प बसण्यालाच होकार समजून ठराव लिहिला. पुढच्या बैठकीला निम्म्या बाया आल्याच नाहीत. अजून सलतं ते. अन् कापूस वेचणीत मजुरी किलोवर असते, दिवसभर वाकून कंबर मोडलेली असते. तेव्हाची चिडचीड तुझ्यावर नसते. बैठक जेवणानंतर घे, लवकर आटप.