शेक आणि केमोची गोळी, दोन्ही एकदम?

प्रश्न : आमचे सासरे, आप्पा, ६३ वर्षांचे. केळीची शेती आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी चार महिने केमो झाली. गाठ वाढलेली नाही, पण रक्तवाहिनीला वेढून बसल्याने ऑपरेशन जमणार नाही. आता साडेपाच आठवडे शेक (रेडिएशन) आणि सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुचवल्यात. भाऊबंद म्हणतात, अशक्त माणसावर एकावर एक मारा कशाला?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. पण ही गोळी इथे शेकाच्या मदतीला असते. किरणांनी कॅन्सरच्या पेशीचा डीएनए तुटतो, गोळी तो नीट सांधू देत नाही. म्हणून ती बहुतेकदा शेकाच्याच दिवशी, सोमवार ते शुक्रवार, एरवीपेक्षा कमी मात्रेत देतात.

फायदा किती? आप्पांसारख्याच, चार महिने केमो घेऊन गाठ न वाढलेल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शेक जोडल्याने आयुष्य वाढलं नाही. मात्र गाठ जागच्या जागी वाढण्याचं प्रमाण ४६ वरून ३२ टक्क्यांवर आलं. गाठीमुळे पाठ दुखत असेल, तर मला हे मोलाचं वाटतं. पण रोजची एसटी आप्पांना झेपणार नसेल, तर नुसत्या केमोवर राहणंही चुकीचं नाही. डॉक्टरांना सरळ विचारा : शेक दुखणं कमी व्हायला, गाठ रोखायला, की पुन्हा ऑपरेशनचा विचार करता यावा म्हणून?

गोळी दोन्ही वेळा जेवणानंतर अर्ध्या तासात द्या. जठर आणि लहान आतड्याची सुरुवात किरणांच्या वाटेत येते, तेव्हा शेवभाजीची तर्री आणि ठेचा बंद. (आपल्याकडे तिखटाशिवाय माणूस जेवलाच नाही म्हणतात, ठाऊक आहे!) भाकरी वरणात कुस्करून द्या. शौच तेलकट, तरंगणारी होत असेल, तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, हात धुतल्यावर नव्हे. दिवसात नेहमीपेक्षा चार जुलाब जास्त झाले किंवा तळहात सोलवटून दुखू लागले, तर पुढची गोळी थांबवून आधी डॉक्टरांना फोन करा. वैशाखाच्या उन्हात जुलाबांनी माणूस बघता बघता सुकतो.

पित्तनळीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी छोटी नळी) असेल आणि थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच रात्री निघा. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.