खाडीकाठचे पक्षी आणि खारफुटी यांची पाहणी दोन दिवसांत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या प्रकल्पासाठी बारा मुलं आणि जानेवारीतले दोन दिवस हाताशी आहेत, सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर पक्षी आणि झाडं दोन्हींची नोंद करायची आहे, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मी काही वर्षं मालवण-देवगडकडच्या खाड्यांवर हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात भिंतीवरच्या कालनिर्णयपासून करा. दुर्बीण नंतर.

पहिल्या वर्षी मी रविवार बघून गेलो, तिथी बघितलीच नाही. सकाळी सातला पोचलो तर पाणी पार ओसरलेलं. समोर नुसता चिखल, आणि त्यावर लांबवर विखुरलेले करडे ठिपके. दोन तास डोळे फोडून मी एकशेचाळीस पक्षी मोजले आणि त्यातल्या शंभरेकांची जात सांगता येईना. शेजारी खुबे काढत बसलेली एक बाई बराच वेळ माझी गंमत बघत होती. शेवटी म्हणाली, "तुमी हय काय बघतास? पाणी चढला काय ती सगळी त्या बांधार जाऊन बसतत." दुपारी भरतीला त्या खारबांधावर गेलो तर चारशेच्या वर पक्षी, ओळीने, एका पायावर, झोपलेले.

गोष्ट एवढीच आहे. ओहोटीला पक्षी चिखलावर चरायला पांगतात, भरतीने चिखल बुडाला की बांध, मिठागर, वाळूचा दांडा अशा कोरड्या जागी गोळा होतात. मोजायचे तेव्हाच. झाडांचं नेमकं उलट, खारफुटीत शिरायचं तर पाणी उतरलेलं हवं. म्हणून एकाच दिवशी दोन्ही बसतील अशी तिथी निवडायची.

कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. पण अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी फारसं चढत नाही, चिखल उघडाच राहतो आणि पक्षी गोळा होत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पण भरती येते सव्वाअकराला, उन्हात. मला सगळ्यात सोयीच्या पडतात त्या त्रयोदशी आणि चतुर्दशी. भरती पावणेदहा ते साडेदहा, पाणी पुरेसं चढतं, आणि ओहोटी चार-पावणेपाचला. सकाळी पक्षी, अडीचनंतर झाडं. हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, तेव्हा जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रकही बघा आणि आदल्या दिवशी एकदा जाऊन या.

आता मोजणी. बांधाच्या पूर्वेला उभं राहा म्हणजे सूर्य पाठीशी येतो. शंभरेक मीटर अंतर ठेवा. भरतीच्या वेळी थवा उठवला तर त्याला बसायला दुसरी जागा नसते, शिवाय तुमचीही मोजणी गेली. बारा जणांनी एकदम जाऊ नका, तिघातिघांचे गट करा. प्रत्येक गटात एक बघणारा, एक लिहिणारा, एक घड्याळ आणि कुत्र्यांकडे लक्ष ठेवणारा. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी मोजायचे, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यांत बसवायचं आणि त्या मापाने पुढे सरकायचं. याचा सराव घरी होतो. ताटात मूठभर तांदूळ टाका, अंदाज सांगा, मग मोजा. आमच्या गटातला एक पोरगा पहिल्या दिवशी तीनशे दाण्यांना सव्वाशे म्हणाला होता, आठवड्याभरात पंधरा-वीसच्या फरकावर आला. बहुतेक माणसं कमीच सांगतात.

ओळखीचं फार दडपण घेऊ नका. टिटवी, राखी बगळा, समुद्री बगळा, ब्राह्मणी घार, लांब वाकड्या चोचीचा कोरल, लाल पायांचा टिलवा हे मुलांना अर्ध्या दिवसात जमतं. अडतं ते छोट्या चिखल्यांशी, म्हणजे प्लोव्हर जातीच्या पक्ष्यांशी. त्यात जिला आपण सरसकट लेसर सँड प्लोव्हर म्हणायचो तिच्या २०२३मध्ये तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन जाती केल्या, आणि हिवाळी पिसाऱ्यात त्या दुरून वेगळ्या सांगणं मलाही जमत नाही. सरळ "छोटे चिखल्ये, जात निश्चित नाही, ६०" असं लिहा. खोट्या नेमकेपणापेक्षा ही नोंद कामाची. एखाद्या जागी काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका. कोरा रकाना म्हणजे तुम्ही गेलात की नाही तेच कळत नाही.

रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, आशा धरू नका. ते बघायचे तर ठाणे खाडी. ती २०१५ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली.

झाडांकडे. पाण्याच्या काठापासून जमिनीच्या दिशेने काटकोनात दोरी ताणा, नायलॉनची, दर दहा मीटरला रंगीत चिंधी बांधलेली. दोरीला लागून दहा बाय दहा मीटरचे चौकोन घ्या, मध्ये थोडं अंतर सोडून. प्रत्येक चौकोनात झाडाची जात, संख्या, आणि जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा घेर. शिंप्याचा टेप पुरतो. खारफुटीत अनेक जातींची झाडं असतात. त्यातल्या तिवराला बुंध्यापासूनच चार-पाच खोडं फुटलेली असतात, ती वेगवेगळी मोजा. कांदळ या दुसऱ्या जातीला मात्र तिवईसारखी आधारमुळं असतात, तिथे घेर सगळ्यात वरच्या मुळाच्या वर तीसेक सेंटिमीटरवर घ्यायचा. रोपं मोजायला चौकोनाच्या कोपऱ्यात एक मीटरची चौकट.

जाती ओळखायला पुस्तकापेक्षा मुळं बघा. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी बारीक मुळं दिसली की तिवर. जाड, सुळक्यासारखी दिसली की चिप्पी. पांढरी चिप्पी हा २०२०पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी खाली केसरांचा सडा असतो. तिवराचं पान उलटून बघा, खालून पांढुरकं दिसेल. मग वरून चाटून बघा, खारट लागतं. झाड जादाचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. मुलं ही गोष्ट कधी विसरत नाहीत. कांदळाच्या पानाला टोकाशी बारीक काटा असतो आणि झाडावर लोंबणाऱ्या हिरव्या "शेंगा" शेंगा नसून झाडावरच रुजलेली रोपं असतात. काटेरी पानांची मारांडी आणि चीक डोळ्यांत गेला तर डोळे सुजवणारा गेवा, एवढे सांभाळा. गेव्याला मुलांनी हात लावू नये हे आधीच बजावा.

दोन्ही नोंदी एका नकाशावर मांडल्यात की एक गोष्ट दिसेल, आणि माझ्या मते प्रकल्पाचं सार तेच आहे. दाट खारफुटीत काळ्या डोक्याचा खंड्या असतो, बगळे असतात, पण चिखल्ये आणि टिलवे आत जवळपास नसतात. त्यांना उघडा चिखल लागतो. म्हणून "जितकी खारफुटी तितके पक्षी" असं अहवालात लिहू नका. उघड्या चिखलावर रोपं लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छान येतात, पण ते या पक्ष्यांचं ताट काढून घेण्यासारखं आहे.

चिखलात गमबूट घालू नका. माझा एक मांडीपर्यंत रुतला, पाय निघाला आणि बूट आतच राहिला. नाडी घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे. अनवाणी तर नकोच, कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. सरकारी जागेवरचं बरंचसं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, राखीव वन आहे, तेव्हा वनविभागाला आधी पत्र द्या. फांदी किंवा रोप तोडून आणू नका, फोटोवर भागतं. आणि तिथी जुळत असेल तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेच्या दिवसांतच जा. १९८७पासून ती दरवर्षी होते; तुमचे आकडे तिथे देता येतील.