टँकरवरचं ‘इन्फ्लेमेबल’ आणि दोन वेगळे ‘इन’

प्रश्न असा आहे: लॅटिन मुळांच्या आधारे इंग्रजी शब्द शिकायला घेतले. यादीत ‘इन म्हणजे नाही’ असं दिलं होतं. मग पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ का लिहितात? या हिशेबानं तो न पेटणारा माल झाला. ही पद्धत भरवशाची आहे का?

पद्धत भरवशाची आहे, यादी अपुरी आहे. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, संस्कृतातल्या ‘अ’, ‘अन्’चा सख्खा नातलग: इन्करेक्ट, इन्व्हिजिबल. दुसरा ‘आत, मध्ये, वर’ असं दाखवणारा: इन्जेक्ट म्हणजे मुळात आत फेकणं, इन्क्लूड म्हणजे आत घेऊन बंद करणं. टँकरवरचा ‘इन’ हा दुसरा. ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाळा, ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणं. त्यावरून इन्फ्लेम, आणि त्याला ‘एबल’ लागून इन्फ्लेमेबल, म्हणजे ज्वालाग्राही. वैद्यकातलं ‘इन्फ्लेमेशन’ही याच घरातलं, मराठीत त्याला ‘दाह’ म्हणतात तेही पेटण्यावरूनच.

मराठी माणसाला हा प्रकार अनोळखी नाही. ‘निनावी पत्र’ आणि ‘निवासी डॉक्टर’ यांतले ‘नि’ बघा. पहिला ‘विना’ सांगतो. दुसऱ्यात नकाराचा मागमूस नाही. दिसायला एकच, कामं वेगळी.

ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ‘इन’ काढल्यावर उरलेला भाग विशेषण म्हणून स्वतंत्र उभा राहिला (करेक्ट, व्हिजिबल, ॲक्टिव्ह), तर ‘इन’ बहुधा नकाराचा. जेक्ट, क्लूड, स्पायर असा क्रियापदाचा तुटका भाग उरला, तर तो ‘आत’वाला. गंमत म्हणजे नेमकी टँकरवरच ही कसोटी फसते, कारण ‘फ्लेमेबल’ हा शब्दही आता प्रचारात आहे. लोक इन्फ्लेमेबलचा अर्थ उलटा लावतील आणि जिवावर बेतेल, या भीतीनं अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं 1920च्या दशकात ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्या वस्तूला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणावं.

यादीत सहसा नसते ती दुसरी गोष्ट म्हणजे संधी. ‘संप’ म्हणताना आपण अनुस्वाराचा ‘म्’ करतो आणि ‘संत’ म्हणताना ‘न्’. पुढचं अक्षर ते ठरवतं. लॅटिनमध्येही तेच घडतं. प, ब, म यांच्या आधी ‘इन’चा ‘इम’ होतो, ल पुढे आला की ‘इल’, र पुढे आला की ‘इर’. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तसा ‘इन’ आणि ‘लीगल’ मिळून ‘इल्लीगल’. हे दोन्ही ‘इन’ना लागू आहे: इम्पॉसिबलमध्ये नकार, इम्पोर्टमध्ये आत आणणं.

स्पेलिंग सुधारायला यासारखा उपाय नाही. बाहेरून देशात येणारा ‘इमिग्रंट’ दोन एमनी लिहायचा, कारण ‘इन’च्या एनचा एम झाला आणि ‘मिग्रंट’चा एम होताच. देश सोडून जाणारा ‘एमिग्रंट’ एका एमचा, कारण तिथे उपसर्ग नुसता ‘ई’ आहे. ‘अकॉमोडेट’मध्ये कोणतं अक्षर दुहेरी यावर सगळे अडखळतात. सोडवून पाहा: ‘अद्’, ‘कॉम’ आणि माप या अर्थाचा ‘मोदुस’. ‘अद्’मधल्या डीचा पुढच्या सीमुळे सी झाला, म्हणून दोन सी, ‘कॉम’चा एक एम आणि ‘मोदुस’चा एक, म्हणून दोन एम. ‘रेकमेंड’मध्ये मात्र ‘रे’च्या पुढे थेट ‘कमेंड’ आहे, तेव्हा सी एकच.

तिसरी अडचण मुळाच्या बदलत्या रूपांची. ‘कृ’ हा धातू उपकार, उपकृत, प्रक्रिया, संस्करण अशा किती रूपांत भेटतो! लॅटिन ‘फाकेरे’ (करणं) तसाच फॅक्टरीत ‘फॅक्ट’, पर्फेक्टमध्ये ‘फेक्ट’, एफिशियंटमध्ये ‘फिश’ होतो. म्हणून वहीत मूळ कधी एकटं लिहू नये, जोडीनं लिहावं: मिट–मिस, स्क्राइब–स्क्रिप्ट, ड्यूस–डक्ट, व्हर्ट–व्हर्स, सीव्ह–सेप्ट. मग परमिट–परमिशन, रिसीव्ह–रिसेप्शन आपोआप जुळतात. अशा दहा जोड्या आणि वीसेक उपसर्ग सुरुवातीला पुरेत. दोनशे मुळांची यादी घोकली तर आठवड्यात विसरते, कारण तिला शब्दांचा आधार नसतो. प्रत्येक जोडीखाली चार-पाच शब्द आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य लिहिलंत तर ती टिकेल.

वाक्य का, तर मूळ कळल्यानं अर्थ कळतोच असं नाही. संस्कृत व्याकरणात एक जुना श्लोक आहे:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूचा अर्थ ओढून दुसरीकडे नेतो. ‘हार’ तोच, पण आहार आणि संहार यांत केवढं अंतर! ‘मिट’ म्हणजे पाठवणं एवढ्यावरून ‘कमिट’चा अर्थ काढता येणार नाही. ‘इन्व्हॅल्युएबल’मध्ये तर ‘इन’ नकाराचाच आहे, पण अर्थ ‘बिनकिमतीचं’ असा नाही, ‘अमूल्य’ असा आहे. ‘अमूल्य’ची जडणघडण हुबेहूब तशीच. मूळ अर्थाच्या दारापर्यंत नेतं, आत काय आहे ते शब्दकोश आणि वापर सांगतात.

दिसण्यावर फसू नका, हेही आलंच. पेडल आणि पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय, आपल्या ‘पद’चा भाऊ. पेडिअ‍ॅट्रिशियनमधला ‘पेड’ ग्रीक, ‘मूल’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. शंका आली की मोठ्या इंग्रजी कोशात शब्दाच्या नोंदीतली व्युत्पत्ती बघावी. मूळ लॅटिन की ग्रीक, हे तिथे लिहिलेलं असतं.