अमेरिकेचे अध्यक्ष रशियावरील निर्बंध एकट्याच्या अधिकारात उठवू शकतात का?

पूर्णपणे नाही. २०१७ च्या ‘काट्सा’ या निर्बंधविषयक कायद्यानुसार असे निर्बंध उठवण्याआधी अध्यक्षांना काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अहवाल पाठवावा लागतो आणि त्यानंतर काँग्रेसला छाननीसाठी साधारणतः ३० दिवस मिळतात. प्रत्यक्षात मात्र ही देखरेख तोकडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये रुसाल या रशियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीवरील निर्बंध उठवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ३६२ विरुद्ध ५३ मतांनी नापसंती नोंदवली. परंतु सिनेटमध्ये ५७ सदस्य प्रस्तावाच्या विरोधात उभे राहूनही चर्चा संपवून ठराव मतास टाकण्यासाठी लागणारी ६० मते जमली नाहीत, आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस निर्बंध उठले. ठराव संमत झाला असता, तरी अध्यक्षांचा नकाराधिकार मोडण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागलीच असती.