वजन कमी करण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढतात ती स्लीव्ह सर्जरी होऊन तीन आठवडे झाले. मऊ भाताचे चार घास खाल्ले तरी छातीत अडकतं, उलटी होते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा खाण्याचा वेग चुकतो. पोट आता केळ्याएवढी अरुंद नळी आहे, त्यात सूज. भाताचा चिकट गोळा तिथे अडकतो. भात सध्या राहू द्या. मुगाचं घोटलेलं वरण, दही किंवा मिक्सरमधून काढलेलं पनीर चहाच्या चमच्यानं घ्या, दोन चमच्यांमध्ये मिनिटभर थांबून. छाती भरल्यासारखी वाटली की तिथेच थांबा, ताटातलं टाकवत नसलं तरी. जेवताना पाणी नको; अर्ध्या तासानं घोटघोट, दिवसभरात दीड लिटर. प्रथिनं रोज ६० ग्रॅम लागतात. नुसत्या वरणावर भागत नाही, पावडर घ्यावीच लागते.

पाणीही टिकत नसेल, किंवा ताप, धडधड, पोटात कळ असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. उलट्या लांबल्या तर बी-१ जीवनसत्त्व घटतं. ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी ते द्यावं लागतं, म्हणून सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनचं आवर्जून सांगा.