मानसशास्त्रातले मुख्य वाद कुठले? आणि हे खरंच शास्त्र आहे का?

तुम्ही विचारलंय की मानसशास्त्रात मोठे वाद कुठले आहेत आणि बीएला हा विषय घेतला की लोक "हे कसलं शास्त्र" म्हणतात ते कितपत खरं. मी गोव्यातच हा विषय घेऊन बीए केलंय, त्यामुळे मला जे वाटतं ते सांगते.

माणूस घडतो तो अनुवंशाने की परिस्थितीने हा पुस्तकातला पहिला वाद, पण त्यावर आता कोणी हट्टाने एकच बाजू धरत नाही, दोन्ही लागतात हे मान्य झालंय. मला आजही अस्वस्थ करणारा वाद वेगळाच आहे, जे सिद्ध झालं म्हणतात ते नेमकं कोणावर सिद्ध झालं? २०१० मध्ये जोसेफ हेनरिक हे संशोधक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हेच मांडलं, की प्रयोग बहुतेक अमेरिका-युरोपातल्या लोकांवर, त्यातही कॉलेजच्या पोरांवर, आणि निष्कर्ष मात्र अख्ख्या माणूसजातीबद्दल.

हे मला कळलं ते प्रोजेक्टच्या वेळी. इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून मी गोव्यातल्या खाणींच्या भागात, डिचोलीला आमच्या शेजारच्या काकींकडे गेले. २०१२ ला खाणी बंद पडल्यापासून त्यांचा खनिज वाहणारा ट्रक दारातच उभा, टायर बसलेले, वर कर्जाचे हप्ते. "गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का?" काकी म्हणाल्या, छे गं, तसलं काही नाही. मी शून्य मांडला (कधीच नाही म्हणजे शून्य, जवळजवळ रोज म्हणजे तीन). पुढे झोप, भूक, थकवा, तिन्हीला सरळ तीन-तीन, आणि मग स्वतःच म्हणाल्या की डोकं जड असतं, अंग दुखतं, "सगळं टेन्शन गं". उदास हा शब्द त्यांचा नव्हताच, टेन्शन हा त्यांचा शब्द होता, आणि माझ्या फॉर्ममध्ये तो कुठेच नव्हता!

पण म्हणून बाहेरचं सगळं निरुपयोगी असंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या लोकांवर अभ्यास केला, बाहेर तयार झालेली उपचारपद्धत इथल्या माणसांना जुळेल अशी बदलून घेतली आणि ती दिली कोणी तर मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या, फक्त ट्रेनिंग दिलेल्या माणसांनी, सहा ते आठ भेटींत. तीन महिन्यांनी ही उपचारपद्धत मिळालेल्यांतले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता शास्त्र आहे का याबद्दल. २०१५ मध्ये १०० जुने प्रयोग पुन्हा करून बघितले तर निम्मेसुद्धा तसेच्या तसे आले नाहीत, आणि लोक हाच दाखला देऊन नावं ठेवतात. पण ते तपासलं कोणी? मानसशास्त्राच्याच लोकांनी, आणि सगळं उघड छापलं. नंतर प्रयोगाआधीच आपला अंदाज आणि पद्धत नोंदवून ठेवायची पद्धत वाढली. जे शास्त्र स्वतःच्या चुका स्वतः शोधतं त्याला शास्त्र नाही म्हणणं मला पटत नाही.

तर विषय जरूर घ्या. फक्त प्रोजेक्टला प्रश्नावली घेऊन जायच्या आधी दोन-चार घरी नुसतं बसा, लोक आपलं दुखणं कुठल्या शब्दात सांगतात ते ऐका आणि मग फॉर्म करायला घ्या, मी हे उलटं केलं होतं आणि सगळी माहिती पुन्हा गोळा करावी लागली.