वाचकांचे प्रश्न : प्लगइन प्लेअरमधले प्रीसेट कसे लावावेत?

प्रश्न : माझ्या रॅकमधल्या प्लगइन प्लेअरमध्ये (सॉफ्टवेअर वाद्यं वाजवणाऱ्या यंत्रात) सातशेच्या वर प्रीसेट (सेव्ह करून ठेवलेले टोन) साठलेत. कार्यक्रमात ऑर्गनचा टोन शोधेपर्यंत मुखडा निघून जातो. शिवाय कीबोर्डवर 12 दाबलं की प्लेअरवर 13 उघडतो. – एक कीबोर्डवादक, सांगली

उत्तर : आधी 12-13चा घोळ. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं एकमेकांना संदेश पाठवतात त्या पद्धतीत, प्रोग्रॅम चेंजचे (टोन बदलण्याच्या संदेशाचे) आकडे 0 ते 127 असतात. तुमचा कीबोर्ड 0पासून मोजतोय आणि प्लेअर 1पासून दाखवतोय. बिघाड काही नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मोजणी बदलता आली तर बदला, नाहीतर गाण्यांच्या यादीवर फक्त कीबोर्डवरचाच आकडा लिहा. दोन्ही लिहिलेत की ऐन वेळी चुकीचाच डोळ्यांसमोर येतो.

आता सातशे प्रीसेट. ते पुसू नका, पण मंचावर नेऊ नका. मंचासाठी 128 जागांची एक वेगळी बँक (प्रीसेटचा गट) करा आणि लागणारे टोनच तिच्यात कॉपी करा. कंपनीवार किंवा प्लगइनवार लावण्याचा मोह होतो, तो टाळा. वाजवताना मनात ‘ऑर्गन’ येतो, कंपनीचं नाव नाही. 0 ते 9 पियानो, 10 ते 19 ऑर्गन आणि हार्मोनियम, 20 ते 29 स्ट्रिंग्ज, अशी घरं पाडा. प्रत्येक घरात तीन-चार जागा रिकाम्या ठेवा आणि एकदा दिलेला आकडा पुन्हा बदलू नका. बोटांना सवय लागते ती आकड्याची.

नाव रोमन लिपीत, आकड्यापासून सुरू करा, आणि आकडा तीन अंकी: 002, 010. नुसतं 2 आणि 10 लिहिलंत तर बऱ्याच यंत्रांत 10 आधी लागतो.

पट्टी मात्र प्रीसेटमध्ये सेव्ह करू नका. काल काळी चारसाठी ट्रान्सपोज करून सेव्ह केलेला टोन आज पांढरी एकच्या गायकासमोर उघडला की पहिलाच सूर बेसूर लागतो. ट्रान्सपोज कीबोर्डवरच ठेवा, म्हणजे तो एकाच ठिकाणी तपासावा लागतो.

पुढे दुसरी बँक केलीत तर बँक सिलेक्टचे, म्हणजे बँक निवडण्याचे, संदेश (मिडीमधले कंट्रोलर 0 आणि 32) प्रोग्रॅम चेंजच्या आधी गेले पाहिजेत. उलट गेले तर टोन जुन्याच बँकेतला उघडतो.

शेवटी पातळी. सगळे टोन एकाच कॉर्डवर, एकाच व्हेलॉसिटीला (की दाबण्याचा जोर, समजा 90) वाजवून मीटर आणि कान दोन्हींनी जुळवा. पियानोचा ठोका मीटरवर उंच जातो, पण स्ट्रिंग्ज तेवढ्याच आकड्याला जास्त मोठ्या वाटतात. तिथे कानाचं ऐका. हे काम हेडफोनवर उरकू नका, स्पीकरवर करा.

प्रश्न : पियानोचा प्रीसेट उघडायला काही सेकंद जातात, आणि बॅकअपवरून परत टाकलेले काही प्रीसेट वाजतच नाहीत. – एक वाचक, पणजी

उत्तर : सॅम्पलवर (खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणावर) चालणारा पियानो डिस्कवरून मेमरीत यावा लागतो, त्याचा तो वेळ. मोठे टोन आधीच एका मल्टीमध्ये (एकाच वेळी अनेक टोन उघडे ठेवणाऱ्या मांडणीत) वेगवेगळ्या मिडी चॅनेलवर उघडून ठेवा आणि गाण्यात फक्त चॅनेल बदला. मेमरी पुरेल एवढेच घ्या.

मुके प्रीसेट बहुधा सॅम्पल न सापडल्यामुळे मुके आहेत. प्रीसेटच्या फाइलमध्ये सहसा सेटिंग आणि सॅम्पलच्या फोल्डरचा पत्ता एवढंच असतं. फोल्डर त्याच नावाने, त्याच जागी परत ठेवा. यापुढे बॅकअप घेताना प्रीसेट, सॅम्पल आणि त्या वेळची प्लगइनची आवृत्ती, तिन्ही एकत्र ठेवा.